मावळचं दप्तर आणि मावळणीची ओवी

निगडीहून जुन्या मुंबई रस्त्यानं निघालं आणि देहूरोड मागे पडलं की घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. तुकोबा इथे चिंतनाला बसत, असं परंपरा सांगते. अभ्यासकांच्या कागदांत हीच शेलारवाडीची लेणी. तिथे ब्राह्मी अक्षरांतला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक प्राकृत लेख आहे. धेनुकाकट इथे राहणाऱ्या उसभणक या नांगरधारी शेतकऱ्याची बायको सिअगुतणिका हिनं आपला मुलगा नंद याच्यासह हे लेणं दान दिलं, एवढाच त्याचा आशय. कुणा राणीचं किंवा श्रेष्ठीच्या बायकोचं हे दान नाही. औत हाकणाऱ्या घरातल्या बाईचं आहे आणि तिचं नाव आजही वाचता येतं.

मावळातल्या लेखी पुराव्यात शेतकरीण बाईला इतक्या लवकर, इतकी ठळक जागा मिळाली. पुढची अनेक शतकं मात्र दप्तरांची संख्या वाढत गेली आणि ती त्यांतून जवळजवळ नाहीशी झाली. ती काय खात होती, कधी उठत होती, काय गात होती, हे जुळवायचं तर दगड, संस्कृत पोथ्या, वतनाचे कागद, इंग्रजी गॅझेटिअर आणि शेवटी तिच्याच तोंडून लिहून घेतलेल्या ओव्या अशी वाट चालावी लागते. या साधनांत सर्वांत कमी वापरलं गेलेलं साधन शेवटचं. माझ्या मते सर्वांत भरवशाचंही तेच, पण ते वाचायची रीत सांभाळली तरच.

आधी दगडांचं बघू. कार्ल्याच्या लेण्यांतले सातवाहन आणि क्षहरात काळातले लेख हे या प्रदेशाचं फार जुनं दप्तर. गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळातल्या लेखात मामाल इथल्या अमात्याला आज्ञा आहे. हे मामाल म्हणजेच मावळ, असं अभ्यासक मानतात. करजिक नावाचं गाव भिक्खूंना दिल्याची नोंद आहे, त्या गावाला मिळालेल्या सवलतीही आहेत. दान कुणी दिलं, जमीन कुणाची, सरकारी माणसानं कुठे पाऊल टाकू नये, हे दगड चोख सांगतो. त्या गावात भात कोण कांडत होतं, हे त्याला सांगायचंच नव्हतं.

कांडणाऱ्या बाईचा उल्लेख येतो तो बाराव्या शतकात, आणि तोही एका राजाच्या ग्रंथात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९च्या सुमारास ‘अभिलषितार्थचिंतामणी’ उर्फ ‘मानसोल्लास’ रचला. त्यात हत्तींच्या परीक्षेपासून पक्वान्नांपर्यंत सगळं आहे. गीतप्रकारांच्या ओघात तो सांगतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. इथे दळण्याचा नव्हे, कांडण्याचा उल्लेख आहे. ओवी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जातं येतं, पण हाती असलेला जुना पुरावा उखळ-मुसळाचा आहे. मावळाच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं, कारण हा भाताचा मुलूख. भात आधी कांडायचं, मगच तांदूळ हाती येणार. डोंगरउतारावरची नाचणी वेगळी. ती दळायची, तिची भाकरी थापायची. मुसळाची लय वरखाली, जात्याची गोल. एकच ओवी दोन्हींवर चालत असेल तर तिच्या चालीला दोन्ही लयी पेलाव्या लागल्या असणार. हे अनुमान आहे, पण पिकांचा आणि कामांचा विचार केला तर टाळता न येणारं.

पुढच्या शतकात शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तही ओवीची नोंद आहे. ‘ज्ञानेश्वरी’ १२९०ची. म्हणजे पोथीतल्या ओवीच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी कामावरची ओवी राजाच्या कानावर गेलेली होती. कुणी कुणाकडून घेतलं याचे वाद साहित्याच्या इतिहासात रंगले आहेत. मला त्यांत शिरायचं नाही. पुराव्याचा क्रम एवढाच आहे की घाम गाळणारीची ओवी आधी नोंदली गेली.

शिवकाळात मावळाबद्दल कागद भरपूर आहेत. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ, पौड खोरं, मुसे खोरं, गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिड खोरं ही नावं इतिहासात शिरली ती देशमुखांच्या वतनांमुळे. हे कागद म्हणजे महजर, करीने, शकावल्या. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं आणि खोऱ्याखोऱ्यांतल्या वाड्यांतून कागदांचे रुमाल बाहेर येऊ लागले. या महजरांवर पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढलेला असतो. लेण्यातल्या लेखात आलेला नांगर इथे पुन्हा भेटतो, पण नांगरधाऱ्याची बायको भेटत नाही. भेटलीच तर वाटणीच्या तंट्यात, विधवा म्हणून किंवा कुणाची तरी आई म्हणून.

त्या काळातलं गाणं मात्र टिकलं आहे, ते पुरुषांचं. अज्ञानदासाचा अफझलखानाच्या वधाचा पोवाडा, तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा. ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाडे पुस्तकरूपानं छापले, तेव्हापासून इतिहासकारांनी पोवाड्याला साधनाचा दर्जा दिला. घासून-पुसून, तारखा ताडून का होईना, दिला. याचं एक साधं कारण असं की पोवाड्यात शाहीर आपलं नाव गुंफतो. डफ-तुणतुण्यावर, चारचौघांत, बिदागीच्या आशेनं गायलेलं ते गाणं आहे, त्यामुळे मालकी सांगणं भाग असतं. ओवीत गाणारीचं नाव नसतं. ती पहाटे अंधारात, घरातल्या घरात, कुणाच्या शाबासकीसाठी न गाता गायली जाते. विनासहीचा कागद इतिहासकार बाजूला ठेवतो. ओवीचं तसंच झालं, ती ‘लोकसाहित्य’ नावाच्या वेगळ्या फडताळात गेली.

१८८५चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर हे पुढचं मोठं साधन. जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अठरावा खंड तीन भागांत निघाला. त्यात मावळपट्टीचा पाऊस, भातखाचरं, डोंगरउतारावरची शेती, कार्ल्याच्या एकवीरेची जत्रा हे सगळं सापडतं. गॅझेटिअरला माणूस मात्र जातीच्या खान्यातच दिसतो. एकेका जातीचं घर, कपडे, अन्न, लग्नविधी क्रमानं लिहिलेले. उपयुक्त आहे आणि वाचताना गुदमरायलाही होतं. त्यात माणसं करतात ते सगळं आहे, पण कुणी बोलत नाही.

पोवाडे छापले गेल्यानंतर शंभर वर्षांच्या आत पुण्यात एक काम उभं राहिलं. समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारतीय नागरिक झालेले गी पॉइत्वाँ हे १९८०च्या दशकात मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करत होते. रस्ता नसलेली गावं, रोजगार हमीची कामं, वनखात्याचा जाच हे संघटनेचे विषय. त्याच गावांतल्या कार्यकर्त्या बायकांनी आपल्या आयाबहिणींकडून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. याआधी साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये, कमलाबाई देशपांडे यांनी, सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्य समितीनं मोठे संग्रह केले होतेच. त्या कामाचं ऋण मोठं आहे. पण त्या संग्रहांत ओवी बहुधा साऱ्या महाराष्ट्राची म्हणून येते, विषयवार लावलेली, गाव आणि गाणारी गळून पडलेली. इथे कागदावर ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं गेलं. विनासहीच्या कागदावर सही आली. माझ्या दृष्टीनं या संग्रहाचं इतिहासातलं मोल इथून सुरू होतं.

पुढे काम मावळाबाहेर पसरलं आणि एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या एवढा पसारा झाला. १९९०च्या दशकात बर्नार बेल या फ्रेंच संगणक आणि संगीत अभ्यासकानं त्याला संगणकाची जोड दिली आणि गावोगाव ध्वनिमुद्रण केलं, सुमारे १२० तासांचं. पॉइत्वाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पी. साईनाथ यांनी उभारलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं हे काम हाती घेतलं आणि २०१७पासून त्या ओव्या आवाज, मजकूर आणि भाषांतरासह लोकांपुढे येऊ लागल्या.

आता हे साधन वाचायचं कसं? लिहिलेली ओवी आणि गायलेली ओवी यांत पहिला फरक आहे. कागदावर ओवी दोन ओळींची. ध्वनिमुद्रणात तीच ओवी पसरते. अर्धी ओळ पुन्हा येते, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘बया’ असे शब्द पडतात, एकीनं उचललेली ओळ समोर खुंट्याला हात लावलेली दुसरी पुढे नेते. चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. एकच ओवी वेगवेगळ्या गळ्यांवर जाते आणि एकाच गळ्यावर शेकडो ओव्या. लिहून घेताना गळा सुटतो, भरीचे शब्द सुटतात, उरतो तो अर्थ. म्हणून लाखावर लिहिलेल्या ओव्यांपुढे आवाजातल्या ओव्या थोड्या असल्या तरी संगीताचा इतिहास लिहायचा तर त्याच धरून चालावं लागेल. आणखी एक अट आहे. गावात पिठाची गिरणी आल्यावर रोजचं दळण थांबलं. पुष्कळ गाणाऱ्यांनी आठवणीतून गायलं, कुणी मुद्दाम जातं मांडलं. श्वास कुठे तुटतो, ओळ कुठे ताणली जाते, हे मूळ कामाच्या ओझ्यानं ठरत होतं. जातं समोर नसताना गायलेल्या ओवीत ते ओझं सवयीनं आलेलं असतं. ऐकणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

दुसरा मुद्दा साच्याचा. मुळशीत ऐकलेली ओवी नावं बदलून मराठवाड्यात भेटते. त्यामुळे ओवीतलं दुःख त्या गाणारीचंच, असं धरून तिचं चरित्र लिहिणं भाबडेपणाचं आहे. असे लेख मी पुष्कळ वाचले आहेत आणि प्रत्येक वेळी त्यांतल्या बाईपेक्षा लेखकाचाच गहिवर जास्त दिसला. ओवीचा साचा सर्वांचा असतो. इतिहासाला उपयोगी पडतं ते साचा जिथे वाकतो ते ठिकाण. नेहमीच्या नदीच्या जागी आपल्या खोऱ्याची नदी आली, घोड्याच्या जागी मोटार आली, देवाच्या रांगेत अचानक हयात माणूस येऊन बसला, की थांबावं. तिथे काळाची खूण असते.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या. या संग्रहात त्यांचा मोठा स्वतंत्र गट आहे. राम, सीता, विठ्ठल, भाऊराया यांच्यासाठी शतकानुशतकं वापरलेला साचा इथे सूट-बूट घातलेल्या बॅरिस्टरासाठी चालतो. हे कधी झालं याची सर्वांत आधीची मर्यादा आपोआप ठरते, विसाव्या शतकाच्या आधी नाही. निगडीच्या शेजारी देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. दरवर्षी त्या दिवशी तिथे माणसं लोटतात. मावळच्या वाड्यावस्त्यांतल्या बायकांच्या दृष्टीनं ही दिल्लीतली वार्ता नव्हती, चालत जाण्याच्या अंतरावरची गोष्ट होती. वृत्तपत्रांत त्या दिवसाचं भाषण शोधता येतं. त्या माणसाला घरातलं माणूस कसं करून घेतलं गेलं, हे मात्र ओवीच सांगते.

सीतेच्या ओव्यांचं वेगळं आहे. त्यांत काळाची खूण फारशी सापडत नाही आणि म्हणूनच त्या तारखेसाठी वाचायच्या नाहीत. वनवासात धाडलेली सीता आपल्या दुःखाचे वाटे करून घरोघरच्या बायकांना देते, अशी कल्पना त्यांत पुन्हा पुन्हा येते. राईरकर आणि पॉइत्वाँ यांनी या ओव्यांवर बारकाईनं लिहिलं. यांतून सासुरवासाची आकडेवारी निघत नाही. पोथीतल्या रामाला दोष देणं जिथे उघड शक्य नव्हतं, तिथे जात्यापाशी काय बोललं जात होतं, हे निघतं. माझ्या मते हा पुरावा कोर्टातल्या जबानीपेक्षा कमी नाही.

देहू-आळंदीच्या ओव्यांतही मावळणीचा हात कळतो. इंद्रायणी मावळातूनच वाहत येते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, ही संस्थानी परंपरेतली नोंद. ती पालखी आजही देहूहून निघाली की निगडीवरून आकुर्डीला मुक्कामाला जाते. नोंदीत मानकरी, अश्व, दिंड्यांचा क्रम असतो. ओवीत असतो तो घरी राहिलेल्या बाईचा हिशेब: पेरणी कोण उरकेल, लेकरू कुणाकडे, यंदा जायला मिळेल का. वारीचा इतिहास चालणाऱ्यांच्या बाजूनं लिहिला गेला आहे. मागे राहिलेल्यांचा या ओव्यांत पडून आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो गावाचाच. ओवीच्या कागदावर गाणारीचं गाव लिहिलं आहे, ते बहुधा सासरचं, कारण भेट झाली ती तिथे. पण बाई ओव्या शिकते माहेरी, आईच्या आणि आजीच्या मांडीला मांडी लावून. लग्नानंतर ती डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जाते आणि गळा बरोबर नेते. तिथे सासू-जावांच्या गळ्याशी तो जुळवावा लागतो. म्हणजे ओव्यांचा नकाशा हा देशमुखांच्या तर्फांचा किंवा आजच्या तालुक्यांचा नकाशा नव्हे, तो सोयरिकींचा आहे. पवन मावळातली लेक मुळशीत, मुळशीतली नाणे मावळात. पुरुषांचं वतन जागचं हलत नाही, म्हणून त्याचे कागद एका वाड्यात सापडतात. बायकांचं धन लग्नागणिक हललं, म्हणून ते एका गावात शोधून सापडत नाही. एखाद्या अभ्यासकानं गाणारीची माहेरं शोधून हा नकाशा आखला, तर मावळाच्या सामाजिक इतिहासात ती मोठी भर ठरेल.

विसाव्या शतकात या नकाशातले काही भाग पाण्याखाली गेले. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीत धरण बांधायचं ठरलं आणि पन्नासेक गावांवर गदा आली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. तो १९२४पर्यंत चालला, बायकाही त्यात उतरल्या. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. विनायकराव भुस्कुटे यांनी त्या लढ्यावर पुस्तक लिहिलं, पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्याचा साक्षेपी अभ्यास केला. जमीन कसणारे मावळे आणि त्यांना कर्ज देणारे सावकार यांच्या हितांत मुळातच फट होती, हे या अभ्यासातून स्पष्ट होतं. मोबदला घेणारा एक आणि उठून जाणारा दुसरा, ही गोष्ट धरणांच्या इतिहासात तेव्हापासून आहे.

पवनेवर धरण झालं ते स्वातंत्र्यानंतर. पवनेचं पाणी आज रावेतहून उचलून निगडीच्या सेक्टर २३मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. हे पाणी धरणापासून निगडीपर्यंत थेट बंद नळातून आणायचं ठरलं, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघं ठार झाले, त्यांत एक बाई होती. मावळातल्या शेतकरीण बाईचं नाव सरकारी दप्तरात ठळकपणे यायला असं निमित्त लागलं. त्या दिवसाचे पंचनामे, चौकशीचे कागद, बातम्या सगळं सांभाळलं जाईल. पवन मावळातल्या बायकांनी त्यावर काय गायलं असेल तर ते कुणी लिहून घेतलं पाहिजे, आणि तेही गाणाऱ्या हयात असेपर्यंत.

निगडी, यमुनानगर, प्राधिकरण, आकुर्डी, चिखली या भागांत मावळ-मुळशीतून आलेली असंख्य घरं आहेत. मुलगा कंपनीत, सून नोकरीला, आणि नातवंडं सांभाळायला गावाहून आलेली आजी. सासरनंतरचं हे तिचं तिसरं गाव. तिला ओव्या येत असतील तर आपल्या मोबाइलवर जरूर मुद्रित करा. मात्र ‘छान म्हटलंस’ म्हणून फाइल गटावर टाकून मोकळे होऊ नका. सुरुवातीला तिच्याच आवाजात तिचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, ओवी कुणाकडून शिकली आणि त्या दिवसाची तारीख बोलून घ्या. गाताना तिला मध्ये थांबवू नका, ‘बाई’ आणि ‘गं’ गाळून पुन्हा म्हणायला लावू नका. मग ते गाणं शब्दशः लिहून काढा आणि आवाजाची एक प्रत घराबाहेर, एखाद्या ग्रंथालयात किंवा संग्रहात द्या. पुढच्या संशोधकाला एवढे पाच तपशील पुरतात.